लाल पट्टी आणि पांढरे मांस : माशाच्या स्नायूंतील चयापचयाविषयी एक संवाद

माशाच्या वजनाचा निम्म्याच्या आसपास भाग पोहण्याच्या स्नायूंनी व्यापलेला असतो आणि हे स्नायू सर्वत्र एकसारखे नसतात. बांगडा किंवा सुरमई आडवी कापली असता तुकड्याच्या दोन्ही कडांना, कातडीच्या लगेच आत, तांबूस-काळसर मांसाची एक पाचर दिसते आणि उरलेले जवळपास सारे मांस फिकट असते. कुप्यात, म्हणजे ट्यूनात, ही पाचर कातडीपासून आत सरकून कण्याजवळ पोहोचलेली असते. या रंगभेदामागे चयापचयाचा, म्हणजे अन्नद्रव्यांपासून ऊर्जा मोकळी करणाऱ्या रासायनिक क्रियांचा भेद आहे, याविषयी अभ्यासकांत दुमत नाही. दुमत आहे ते पुढच्या प्रश्नावर : हा भेद स्नायूच्या जागेशी आणि जातीशी कायमचा बांधलेला मानावा, की प्रसंग, तापमान, माशाचे आकारमान आणि इतर अवयवांची निकड यांनुसार पालटणारा मानावा?

हा वाद येथे दोन व्यक्तींच्या तोंडून मांडला आहे. एक बाजू मत्स्यशरीररचनेच्या ज्येष्ठ प्राध्यापिकेची आहे. स्नायूचा तुकडा अंगाच्या कोणत्या भागातून काढला हे कळले की त्याचे रसायन बहुतांशी कळले, असे त्या मानतात. दुसरी बाजू एका तरुण जीवरसायनज्ञाची आहे. लाल आणि पांढरा ही नावे अभ्यासाच्या सोयीची असून त्यांनी चयापचयाचे चित्र अकारण गोठवून टाकले आहे, असे त्यांचे मत आहे. व्यक्ती कल्पित आहेत, पण ज्या प्रयोगांचा त्या आधार घेतात ते कल्पित नाहीत.

प्राध्यापिका : सुरुवात रचनेपासून करावी, कारण ती डोळ्यांनी तपासता येते. माशाच्या अंगातील स्नायू डोक्यापासून शेपटीपर्यंत एकामागे एक बसवलेल्या खंडांचा बनलेला असतो. या स्नायुखंडांच्या मध्ये संयोजी ऊतीचे पातळ पडदे असतात आणि मासा शिजताना ते पडदे विरघळतात, म्हणूनच शिजलेल्या मांसाच्या पाकळ्या सुट्या होतात. प्रत्येक खंडात लाल तंतू बाहेरच्या बाजूला आणि पांढरे तंतू आत असतात. लाल तंतू बारीक असतो, त्याच्याभोवती केशवाहिन्यांचे दाट जाळे असते, त्याच्या आत प्राणवायू धरून ठेवणारे मायोग्लोबिन हे तांबडे प्रथिन आणि चरबीचे थेंब असतात, आणि ज्यांच्यात प्राणवायूच्या साहाय्याने इंधन जळते त्या तंतुकणिका विपुल असतात. पांढरा तंतू जाड, त्याचा रक्तपुरवठा तुटपुंजा आणि तंतुकणिका मोजक्या. तो ग्लायकोजेन नावाची साठवलेली शर्करा प्राणवायूवाचून तोडतो आणि शेवटी लॅक्टेट मागे ठेवतो. बहुतेक माशांत लाल हिस्सा एकूण स्नायूच्या दहाव्या भागाहूनही कमी असतो आणि बांगड्यासारख्या अखंड पोहणाऱ्या माशांत तो वाढतो. इतका स्पष्ट भेद समोर असताना त्याला केवळ सोय म्हणणे कितपत योग्य आहे?

जीवरसायनज्ञ : भेद आहे हे मान्यच आहे, मॅडम. प्रश्न असा आहे की ज्या तंतूंना पाठ्यपुस्तक केवळ घाईच्या वेळचे म्हणते ते खरोखर इतर वेळी निष्क्रिय असतात का, आणि असल्यास सर्व माशांत असतात का.

प्राध्यापिका : त्याचे उत्तर क्वेंटिन बोन यांनी 1966 मध्ये दिले. त्यांनी मुशीच्या कुळातल्या लहान माशांच्या दोन्ही प्रकारच्या स्नायूंतील विद्युत्-संकेत नोंदवले, तेव्हा संथ पोहण्यात फक्त लाल स्नायू काम करताना आढळला आणि पांढरा स्नायू जोरदार उसळी घेतानाच जागा झाला. रासायनिक तपासणीचा निष्कर्षही तोच निघाला : जोरदार हालचालींनंतर पांढऱ्या स्नायूतील ग्लायकोजेन उतरले, आणि दीर्घकाळच्या संथ पोहण्याचा भार लाल स्नायूतील चरबीवर पडला. एकाच शरीरात दोन स्वतंत्र यंत्रणा, प्रत्येकीचे इंधन निराळे आणि प्रत्येकीची वेळ निराळी.

जीवरसायनज्ञ : मुशी हा कूर्चामासा आहे, म्हणजे त्याचा सांगाडा हाडांचा नसून कूर्चेचा असतो, आणि त्याच्या पांढऱ्या तंतूला मज्जातंतू एका टोकाशीच भेटतो. रोहू, कटला, कार्प यांसारख्या प्रगत अस्थिमाशांत त्याच पांढऱ्या तंतूवर अनेक ठिकाणी आणि अनेक मज्जापेशींकडून आलेली टोके असतात, त्यामुळे तेथे चालू किंवा बंद एवढाच पर्याय राहत नाही. जॉन्स्टन, डेव्हिसन आणि गोल्डस्पिंक यांनी 1977 मध्ये कार्पवर प्रयोग केले तेव्हा लाल तंतू सर्व वेगांना काम करताना दिसले. सेकंदाला शरीराच्या एका लांबीपेक्षा किंचित अधिक वेग झाला की दोन्हींच्या मधले गुलाबी तंतू सामील झाले, आणि सेकंदाला दोन ते अडीच लांब्यांच्या वेगाला पांढरे तंतूही कामाला लागले. हा वेग पळून जाण्याचा नाही. मासा तो काही काळ टिकवू शकतो. तेव्हा दोन यंत्रणा म्हणण्याऐवजी वेगाबरोबर क्रमाने वाढत जाणारा सहभाग म्हणणे अधिक खरे ठरेल.

प्राध्यापिका : क्रम मान्य केला तरी क्रमाने सामील होणारे घटक वेगळेच राहतात, आणि ते वेगळे का आहेत याचे कारण यांत्रिक आहे. प्रत्येक स्नायुतंतूचा आकुंचनाचा एक कमाल वेग असतो आणि त्या कमाल वेगाच्या साधारण पाचव्या भागापासून तिसऱ्या भागापर्यंतच्या पट्ट्यात तो सर्वांत जास्त शक्ती देतो. त्याहून वेगाने आखडावे लागले तर ऊर्जा खर्च होते, पण ओढ कमी पडत जाते. लॉरेन्स रोम आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 1988 मध्ये कार्पमध्ये दाखवले की पांढऱ्या तंतूचा कमाल वेग लाल तंतूच्या सुमारे अडीचपट असतो. अडीचपट वेगानेही माशाची दचकून मारलेली उसळी साधत नाही, आणि येथे रचना मदतीला येते. मॅक्नील अलेक्झांडर यांनी 1969 मध्ये दाखवले होते की लाल तंतू शरीराच्या लांबीला समांतर असतात, पण पांढरे तंतू मळसूत्राप्रमाणे तिरके वळलेले असतात, त्यामुळे अंगाला तितकाच बाक देण्यासाठी पांढऱ्या तंतूला लाल तंतूच्या सुमारे चतुर्थांशच आखडावे लागते. तंतूची जागा, तंतूची दिशा आणि त्याचे रसायन ही तिन्ही अशी एकमेकांत गुंतलेली आहेत; त्यांतले रसायन तेवढे बाजूला काढून ते परिस्थितीच्या स्वाधीन आहे, असे म्हणता येणार नाही.

येथे प्राध्यापिकांची बाजू भक्कम आहे. लाल तंतूने उसळी घ्यायचे ठरवले तरी त्याला ती जमणार नाही, कारण त्याच्यातील मायोसिन हे आकुंचन घडवणारे प्रथिनच मंद जातीचे असते, आणि पांढऱ्या तंतूने दिवसभर संथ पोहायचे ठरवले तर तो अकारण महाग पडेल. वादाचा खरा पेच मात्र वेगात नसून प्राणवायूत आहे, आणि जीवरसायनज्ञ पुढे तिकडेच वळतात.

जीवरसायनज्ञ : यांत्रिक कारण पुरेसे नाही, असे म्हणण्याचे कारण पाणी हे आहे. पाण्यात प्राणवायू हवेच्या मानाने साधारण तिसावा भागच असतो, आणि पाण्याचा विरोध असा की वेग दुप्पट करायचा तर शक्ती जवळपास आठपट लागते. त्या आठपट शक्तीला पुरेल इतका प्राणवायू कल्ल्यांतून आत घेता येत नाही. म्हणून माशाने स्नायूचा मोठा साठा असा बाळगला आहे की ज्याला ऐन वेळी प्राणवायू लागतच नाही. सुरुवातीची काही क्षणांची ऊर्जा फॉस्फोक्रिएटिन या तयार साठ्यातून येते आणि मग ग्लायकोजेन तुटते. या मार्गाने शर्करेच्या एका रेणूमागे एटीपीचे, म्हणजे पेशीच्या खर्चाच्या ऊर्जारेणूचे, अवघे तीन रेणू मिळतात. प्राणवायू असता तर तिसाच्या आसपास मिळाले असते. मिळकत थोडी, पण गतीने येते. पाठ्यपुस्तकातली कथा येथे संपते आणि मासा दमून थांबतो. चयापचयाचा मोठा भाग मात्र तेथून पुढे सुरू होतो.

प्राध्यापिका : तुम्ही लॅक्टेटविषयी बोलत आहात.

जीवरसायनज्ञ : होय. धावून दमलेल्या माणसाच्या स्नायूतील लॅक्टेट बऱ्याच अंशी रक्तात जाते. त्यातले काही हृदय आणि इतर स्नायू जाळतात, काहीचे यकृत पुन्हा ग्लुकोज बनवते. ट्राउट माशाला दमवले तर त्याच्या पांढऱ्या स्नायूतील बहुतेक लॅक्टेट तेथेच अडकून राहते आणि तेथल्या तेथे त्याचे पुन्हा ग्लायकोजेन होते. या कामाला बारा तासांपासून एक दिवसापर्यंतचा वेळ लागतो. आता या कामासाठी लागणारी ऊर्जा कोठून येते? पांढऱ्या स्नायूच्या त्याच मोजक्या तंतुकणिकांतून, प्राणवायू वापरून आणि बहुधा चरबी जाळून. म्हणजे ज्या स्नायूला प्राणवायूविना चालणारा म्हटले जाते तो काही मिनिटेच तसा असतो आणि पुढचे कित्येक तास तो प्राणवायूवर चालणारा, शर्करा घडवणारा अवयव असतो. एकाच तंतूच्या चयापचयाची दिशा एका दिवसात उलटते. ती जागेने ठरली असे कसे म्हणावे?

प्राध्यापिका : दिशा उलटली तरी जागा तीच राहिली, हे तुमच्याच विधानातून निघते. लॅक्टेट यकृताकडे जात नाही, स्नायूतच राहते, म्हणजे चयापचयाची सीमा स्नायूच्या सीमेशीच जुळते. शिवाय ते बाहेर न जाण्यात शहाणपण आहे. माशाचे हृदय कोठे बसले आहे ते पाहावे : कल्ल्यांत शुद्ध झालेले रक्त आधी सर्व शरीराला फिरून येते आणि मगच हृदयात शिरते, त्यामुळे कितीतरी माशांत हृदयाच्या स्पंजासारख्या भिंतीला इतरांनी वापरून उरलेल्या प्राणवायूवरच भागवावे लागते. दमलेल्या स्नायूने सारे आम्ल एकदम रक्तात सोडले तर त्याचा पहिला तडाखा या हृदयाला बसेल.

हा मुद्दा थोडा विस्ताराने पाहण्याजोगा आहे. गळाला लागून दीर्घकाळ झुंजलेला मासा पाण्यात परत सोडल्यावर पोहत निघून जातो आणि काही तासांनी मरतो, हे मासेमारी करणाऱ्यांना पूर्वीपासून माहीत होते. असे का होते, नेमका हाच प्रश्न क्रिस वुड आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 1983 मध्ये शोधनिबंधाच्या शीर्षकात विचारला. दमवल्यानंतर मेलेल्या आणि जगलेल्या ट्राउटची तुलना करून त्यांनी रक्तातील आम्लाकडे बोट न दाखवता पेशींच्या आत साठलेल्या आम्लाकडे दाखवले. दमलेल्या माशाच्या हृदयाला कमी प्राणवायूचे आणि आम्लयुक्त रक्त मिळते, याकडेही पुढे अभ्यासकांचे लक्ष गेले. चयापचयाचा हिशेब एका स्नायूपुरता मांडला की तो अपुरा पडतो, कारण एका स्नायूच्या खर्चाची झळ दुसऱ्या स्नायूला लागू शकते, आणि हृदय हाही स्नायूच आहे.

जीवरसायनज्ञ : सीमा स्नायूच्या सीमेशी जुळते, हे सर्वत्र खरे नाही. उत्तर युरोपातील गोठलेल्या तळ्यांत क्रुशियन कार्प नावाचा मासा राहतो. सोनमासा त्याचा जवळचा नातलग. हिवाळ्यात बर्फाखाली पाण्यातला प्राणवायू संपतो आणि हा मासा तशा पाण्यात महिनोन्‌महिने जिवंत राहतो. त्याचा मेंदू, हृदय आणि यकृत प्राणवायूविना लॅक्टेट बनवतात. ते लॅक्टेट रक्तातून पोहण्याच्या स्नायूंत येते आणि तेथे त्याचे इथेनॉल, म्हणजे साधे मद्यार्क, होते. मद्यार्क पडद्यांतून सहज पाझरते, म्हणून ते कल्ल्यांवाटे पाण्यात निघून जाते आणि शरीरात आम्ल साठत नाही. सोनमाशातील हे मद्यार्क शूब्रिज आणि होचाच्का यांनी 1980 मध्ये प्रथम नोंदवले. ऑस्लो आणि लिव्हरपूल येथील संशोधकांनी 2017 मध्ये त्यामागचे रहस्य उकलले : या माशांच्या पूर्वजांत एकदा सर्व जनुकांची संख्या दुप्पट झाली होती, त्यामुळे तंतुकणिकांत इंधनाला वाट देणाऱ्या एका विकराचा, म्हणजे रासायनिक क्रिया घडवणाऱ्या प्रथिनाचा, जादा संच उपलब्ध झाला आणि तो मद्यार्काच्या मार्गाला लागला. अशा माशाच्या रक्तातील मद्यार्क 100 मिलिलिटरला 50 मिलिग्रॅमच्याही वर जाते. कितीतरी देशांत एवढे प्रमाण आढळल्यास माणसाला वाहन चालवता येत नाही. येथे स्नायू हालचालीसाठी काम करत नाही. इतर अवयवांचा कचरा बाहेर काढण्याचे काम तो करतो.

प्राध्यापिका : उदाहरण विलक्षण आहे, पण तेही विभागणीचेच उदाहरण आहे. मद्यार्क बनवणारी विकरे मेंदूत नाहीत, हृदयात नाहीत. ती पोहण्याच्या स्नायूंत आहेत. अमुक ऊतीत अमुक क्रिया घडते आणि तमुक ऊतीत घडत नाही, ही तर या पक्षाची मूळ भूमिका आहे.

जीवरसायनज्ञ : ऊतीचा भेद आणि लाल-पांढऱ्याचा भेद हे दोन वेगळे भेद आहेत. मद्यार्क लाल स्नायूतही होते आणि पांढऱ्यातही.

या प्रत्युत्तराला प्राध्यापिका लगेच उत्तर देत नाहीत, आणि ते योग्यच आहे. जीवरसायनज्ञांनी दाखवलेली फट खरी आहे. त्या विषय कुप्याकडे नेतात, जेथे जागेचे महत्त्व नाकारणे कोणालाही अवघड जाईल.

प्राध्यापिका : जागेला काही अर्थ नसता तर कुप्याचा लाल स्नायू कातडीखालून निघून कण्याजवळ गेला नसता. इंग्रज वैद्य जॉन डेव्ही यांनी 1835 मध्येच स्किपजॅक जातीच्या कुप्याचे अंग आसपासच्या पाण्यापेक्षा सुमारे 10 अंश सेल्सिअसने उबदार असल्याचे नोंदवले होते. मासा थंड रक्ताचा प्राणी समजला जात असल्याने ती नोंद दीर्घकाळ एक नवलाची गोष्ट बनून राहिली. फ्रान्सिस केरी आणि जॉन टील यांनी 1966 मध्ये तिची यंत्रणा उलगडली. लाल स्नायू अखंड काम करतो आणि काम करताना उष्णता निर्माण होते. इतर माशांत ती रक्ताबरोबर कल्ल्यांत जाऊन पाण्यात विरते. कुप्यात स्नायूकडे जाणाऱ्या आणि स्नायूकडून परतणाऱ्या सूक्ष्म रक्तवाहिन्या एकमेकींना चिकटून उलट दिशांनी वाहतात, त्यामुळे परतणारे गरम रक्त आपली उष्णता आत येणाऱ्या थंड रक्ताला देते आणि ती स्नायूतच कोंडली जाते. कातडीला चिकटलेल्या स्नायूत हे साधले नसते, कारण बाहेरचे पाणी उष्णता ओढून घेते. मंद जातीचा लाल स्नायू उबेमुळे अधिक वेगाने आखडू शकतो आणि थंड पाण्यातही कुप्याचा प्रवास थांबत नाही. हृदय मात्र या जाळ्याच्या बाहेर राहते. कल्ल्यांजवळ असल्याने ते पाण्याइतकेच थंड असते, आणि आतील उबदार स्नायूंची मोठी मागणी या थंड पंपाला भागवावी लागते. एकाच माशात दोन स्नायूंच्या तापमानात इतके अंतर असणे हा जागेचाच परिणाम आहे.

जीवरसायनज्ञ : उष्णतेचाच दाखला घ्यायचा तर तलवारमाशाचा घ्यावा. 1982 मध्ये केरी यांनी दाखवले की या माशाच्या डोळ्यामागे उष्णता निर्माण करणारी एक ऊती असते आणि ती मेंदू व डोळे उबदार ठेवते. ती डोळा फिरवणाऱ्या एका स्नायूपासून बनलेली आहे, पण तिच्यात आकुंचन करणारे धागे जवळपास उरलेलेच नाहीत. तिची पेशी बहुतांशी तंतुकणिकांनी भरलेली असते. कॅल्शियमचे आयन पेशीच्या आत एका कप्प्यातून बाहेर सुटत राहतात आणि एटीपी खर्चून पुन्हा आत ओढले जातात. या निष्फळ वाटणाऱ्या फेऱ्यांतून फक्त उष्णता बाहेर पडते. हा स्नायू लाल म्हणावा की पांढरा? तो मंद आहे की जलद? ज्या निकषांवर वर्गीकरण उभे आहे तेच येथे लागू होत नाहीत, मग वर्गीकरणाला नियम का मानावे?

प्राध्यापिका : अपवादाने नियम मोडत नाही. तलवारमाशाच्या उरलेल्या अंगात लाल आणि पांढरा स्नायू वेगवेगळेच आहेत.

जीवरसायनज्ञ : मग अपवाद सोडून पांढऱ्या स्नायूकडेच परत जाऊ. चिल्ड्रेस आणि सोमेरो यांनी 1979 मध्ये निरनिराळ्या खोलींवर राहणाऱ्या सागरी माशांच्या ऊतींची तुलना प्रसिद्ध केली. पांढऱ्या स्नायूतील लॅक्टेट बनवणाऱ्या विकराचे प्रमाण खोलीबरोबर झपाट्याने घसरत गेले, पण मेंदू आणि हृदय यांत तशी घसरण दिसली नाही. घसरणीचे कारण थंडी आणि दाब यांच्यावर ढकलता आले असते, तर ती मेंदूतही दिसायला हवी होती. अधिक पटणारे स्पष्टीकरण असे की खोल अंधारात शिकारी आणि शिकार एकमेकांना दुरून पाहू शकत नाहीत, म्हणून दूरवर झेपावण्याची गरज उरत नाही आणि ज्या स्नायूचे कामच झेपावणे आहे त्याचे रसायन सैलावते. त्याच दोघांनी 1980 मध्ये आणखी एक गोष्ट दाखवली. प्राणी मोठा होत जातो तसा त्याच्या वजनाच्या प्रत्येक ग्रॅममागचा प्राणवायूचा खर्च उतरतो, हा नियम सर्वमान्य आहे. पण कितीतरी माशांत मोठ्या माशाच्या पांढऱ्या स्नायूतील प्राणवायूविना चालणाऱ्या विकरांचे प्रमाण दर ग्रॅममागे वाढत जाते, आणि प्राणवायूच्या मार्गावरील विकरांचे प्रमाण मात्र नियमाप्रमाणे उतरते. म्हणजे लहान आणि मोठ्या माशाच्या अंगातील त्याच जागचा पांढरा स्नायू रासायनिक दृष्ट्या सारखा नसतो.

प्राध्यापिका : मोठ्या माशालाही उसळी लहान माशाच्या तोडीची घ्यावी लागते, अंग लांब झाल्यावर त्यासाठी शक्ती अधिक हवी, म्हणून विकरेही अधिक. येथेही रसायन यंत्रशास्त्राच्याच आज्ञेत चालते. थंडीविषयीही तेच सांगता येईल. पट्टेरी बास या माशाला 25 अंश तापमानातून 5 अंशांत नेऊन रुळू दिले असता लाल तंतूतील तंतुकणिकांचा हिस्सा तंतूच्या आकारमानाच्या सुमारे 29 टक्क्यांवरून 45 टक्क्यांच्या आसपास गेल्याचे एगिंटन आणि सिडेल यांनी 1989 मध्ये नोंदवले. थंडीत प्रत्येक क्रिया मंदावते, म्हणून लाल स्नायू अधिक लाल होतो, तो पांढरा होत नाही. तुम्ही ज्याला बदल म्हणता तो भेद पुसत नाही, उलट जपतो.

जीवरसायनज्ञ : तसे असेल तर सॉकाय सॅमनचे काय करावे? समुद्रातून नदीच्या उगमाकडे अंडी घालायला निघालेला हा मासा वाटेत काही खात नाही. आधी त्याची चरबी संपते आणि मग पांढऱ्या स्नायूतील प्रथिने तुटू लागतात. मांस पाणचट होत जाते, पण लाल स्नायू बराचसा शाबूत राहतो. आगोटीला भरलेली कणगी पावसाळ्यात रिकामी व्हावी तसा हा स्नायू रिकामा होतो. ज्याला उसळीचे यंत्र म्हटले तो अशा वेळी अन्नाचा साठा असतो, आणि उसळीची क्षमता हळूहळू गमावूनही मासा तो साठा वापरतो. याउलट 2015 मध्ये मोठ्या तोंडाच्या बास माशात दिसून आले की पाण्याबरोबर भक्ष्य तोंडात ओढून घेण्यासाठी लागणारी जवळपास सर्व शक्ती डोक्याच्या लहान स्नायूंतून नव्हे, तर पाठीच्या आणि पोटाकडच्या पोहण्याच्या स्नायूंतूनच येते. उसळी, साठा, घास, आणि क्रुशियन कार्पमध्ये मद्यार्क, इतकी कामे एका पांढऱ्या स्नायूच्या खात्यावर असताना त्याला एकच नाव देऊन थांबणे पुरेसे नाही.

सॅमनच्या या दाखल्यापाशी प्राध्यापिकांची भूमिका सर्वांत कमकुवत ठरते, असे निष्पक्षपणे म्हणावे लागेल. यंत्रशास्त्राने पांढऱ्या तंतूचा वेग सांगता येतो, पण उपासाच्या काळात आधी त्यालाच का तोडावे हे सांगता येत नाही. त्यासाठी अंडी, हृदय आणि लाल स्नायू यांची गरज एकाच हिशेबात धरावी लागते. दुसऱ्या बाजूने, जीवरसायनज्ञांनी दिलेल्या बहुतेक दाखल्यांत पांढरा स्नायू आणि लाल स्नायू यांचा उल्लेख त्यांना स्वतःलाच वारंवार करावा लागला आहे, हेही नजरेआड करता येत नाही. जे वर्गीकरण ते अपुरे ठरवतात त्याच्या आधारावाचून त्यांचा युक्तिवाद उभा राहत नाही.

या सर्व चर्चेचा कोकण आणि गोव्याच्या बाजाराशी एक सरळ संबंध आहे आणि तो आरोग्याचा आहे. झटक्यात साठणारे आम्ल सोसता यावे म्हणून वेगवान माशांच्या पांढऱ्या स्नायूत आम्ल शोषून घेणारी द्रव्ये भरपूर असतात. कुपा आणि बांगडा यांत त्यांपैकी हिस्टिडिन हे अमिनो आम्ल मोठ्या प्रमाणात मोकळे असते. मासा मेल्यावर तो वेळीच बर्फात गेला नाही तर जीवाणू या हिस्टिडिनपासून हिस्टामिन बनवतात, आणि असा मासा खाल्ल्यास चेहरा लाल होणे, अंगावर पित्तासारख्या गांधी उठणे, डोके दुखणे असा त्रास होतो. शिजवल्याने हिस्टामिन नष्ट होत नाही. लाल पट्टीची गोष्ट निराळी. तिच्यात चरबी अधिक आणि मायोग्लोबिनातील लोहही अधिक, त्यामुळे तिला हवेतील प्राणवायूने लवकर खवटपणा येतो, आणि तिची उग्र चव न आवडणारे लोक तो काळसर भाग काढून टाकतात.

प्राध्यापिका : इतके बोलणे झाल्यावर एका व्यावहारिक प्रश्नाचे उत्तर द्यावे. तुमच्या प्रयोगशाळेत स्नायूचा नमुना येतो तेव्हा त्याच्यावर काय लिहिलेले असावे?

जीवरसायनज्ञ : लाल किंवा पांढरा हे तर लिहावेच. त्याशिवाय माशाची लांबी आणि वजन, पाण्याचे तापमान, ऋतू, मासा उपाशी होता की खाल्लेला, आणि नमुना डोक्यापासून किती अंतरावर घेतला, हेही लिहावे.

प्राध्यापिका : अंतर कशासाठी? तुमच्या मते जागा गौण आहे.

जीवरसायनज्ञ : गौण म्हटले होते, निरर्थक म्हटले नव्हते. कितीतरी माशांत डोक्यामागचा पांढरा स्नायू शेपटीजवळच्या पांढऱ्या स्नायूपेक्षा लवकर आखडतो आणि लवकर सैल होतो. रंग तोच, नाव तेच, पण वेळ निराळी. एकाच रंगाच्या आतला हा फरक नावात मावत नाही.

प्राध्यापिका : आणि तो फरक पुन्हा जागेचाच आहे. असो. मासा मारला कसा, हेही त्या चिठ्ठीवर असावे. जाळ्यात तडफडून मेलेल्या माशाच्या पांढऱ्या स्नायूत ग्लायकोजेन जवळपास उरत नाही आणि लॅक्टेट शिगेला पोहोचलेले असते. असा नमुना द्रव नायट्रोजनमध्ये कितीही तत्परतेने गोठवला तरी स्वस्थ पोहणाऱ्या माशाच्या स्नायूत किती ग्लायकोजेन असते, या प्रश्नाचे उत्तर त्यातून मिळत नाही.